वाहनाची ओढण्याची शक्ती आणि थांबण्याची क्षमता

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या एकत्रित सभेत देण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. गोव्याच्या बाजूला बांधकामाची यंत्रे, जनरेटर आणि होड्या पिकअप वाहनांच्या मागे जोडून नेल्या जातात. एक वाहन दुसऱ्याला ओढून नेते, ही गोष्ट आपल्या इतकी नित्याची झाली आहे की तिच्यात काही शास्त्र आहे, काही नियम आहेत आणि ते मोडल्यास माणसांचे प्राण जातात, याचा सहसा विसर पडतो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. त्यातही विशेषेकरून ज्या वाहनांच्या डिझेल इंजिनांची शक्ती मूळ मर्यादेपेक्षा वाढवून घेतली जाते, त्या वाहनांनी ओझे ओढताना काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पूर्वी घाट उतरताना बैलगाडीवाला चढापेक्षा उताराला अधिक भीत असे. चढावर बैल दमले तर गाडी थांबते, चाकाला दगड लावून बैलांना विसावा देता येतो. उतारावर मात्र भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून जाणता गाडीवान उतार लागण्यापूर्वीच खाली उतरे, चाकाला लाकडी अडसर लावी आणि बैलांच्या कासऱ्यावर हात ठेवून पायी चाले. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, पन्नास घोड्यांची शक्ती आली. परंतु उताराचा स्वभाव बदललेला नाही. ओझे आजही अंगावर येते, आणि त्या वेळी इंजिनाची वाढवलेली शक्ती कामास येत नाही.

शक्ती वाढते ती कशी?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्याचे मूलतत्त्व आजही तेच आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते, साधारणपणे सोळा ते वीस पटींनी, की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा झडपेने कमीजास्त करून शक्तीचे नियंत्रण होते. डिझेल इंजिनात मुख्यतः इंधन किती सोडावयाचे, यावर शक्ती ठरते. इंधन वाढवा, शक्ती वाढेल, असा हा सरळ हिशोब आहे.

हे इंधन मोजून देण्याचे काम जुन्या ट्रॅक्टरांत व ट्रकांत डिझेल पंप करतो. पंपावर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा ठरविणारा स्क्रू असतो, आणि इंजिनाचे फेरे ठरावीक संख्येपलीकडे जाऊ न देणारा गव्हर्नर असतो. कारखान्यातून वाहन बाहेर पडते तेव्हा या जागांना सील लावलेले असते. गावोगावी 'पंप वाढवून देणे' म्हणून जो प्रकार चालतो, तो म्हणजे हे सील तोडून स्क्रू फिरविणे होय. नव्या पिकअप वाहनांत हेच काम संगणकीय नियंत्रक करतो. तेथे त्यातील आकडे बदलून किंवा मध्ये एखादी डबी जोडून तोच परिणाम साधला जातो. टर्बोचा दाबही काही ठिकाणी वाढविला जातो.

या बदलानंतर वाहन खरोखरच जोमदार वाटते. ज्या चढावर पूर्वी दुसरा गिअर टाकावा लागे, तेथे तिसऱ्यावर काम भागते. भरलेली ट्रॉली घेऊन ताशी वीस किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर तीसने धावू लागतो. दिवसाकाठी एक खेप वाढते. खेपेवर आणि टनावर ज्याचे पोट अवलंबून आहे, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, त्या चालकाला किंवा मालकाला हा मोह होणे स्वाभाविक आहे. तो अडाणी किंवा बेजबाबदार आहे असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या हाती जो लाभ दिसतो आहे, त्याच्या मागे दडलेला तोटा त्यास दाखवून दिला पाहिजे.

इंजिनाची किंमत

पहिला तोटा इंजिनाचाच आहे. इंधन वाढविले परंतु ते पूर्ण जळण्याइतकी हवा मिळाली नाही, तर काळा धूर निघतो. काळा धूर ही जोमाची खूण आहे, असा एक समज चालकवर्गात आढळतो. वस्तुतः तो अर्धवट जळलेल्या डिझेलचा धूर असतो. म्हणजे विकत घेतलेले इंधन हवेत सोडून देण्याचाच तो प्रकार आहे. त्याबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान चढत जाते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, आणि पुष्कळशा इंजिनांचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. रिकाम्या वाहनाने क्षणभर वेग घेतला तर इंजिनाला निवण्यास वेळ मिळतो. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन घाट चढताना दहा-पंधरा मिनिटे सलग पूर्ण इंधन जळत राहते. पिस्टन चिकटणे, टर्बोची पाती जाणे, हेड वाकणे हे प्रकार अशाच वेळी घडतात. ओझे ओढणे आणि इंजिन वाढविणे या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दोष दुप्पट होतो, तो यामुळे.

इंजिनानंतर क्लच, गिअरपेटी, मागचा आस यांचा क्रम येतो. हे सारे भाग मूळ शक्तीच्या मानाने घडविलेले असतात. शक्ती वाढविणारा कारागीर त्यांना हात लावीत नाही. साखळीची एकच कडी जाड केल्याने साखळी बळकट होत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत डिझेल पिकअप वाहने मोठे ट्रेलर ओढण्यासाठी सर्रास वापरली जातात, आणि त्यांची शक्ती वाढवून देण्याचा तेथे मोठा व्यवसायच उभा राहिला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मधील आपल्या अहवालात असा अंदाज दिला की, त्यापूर्वीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप वाहनांतील प्रदूषण-नियंत्रक व्यवस्था काढून टाकण्यात आली होती. परंतु त्याच देशातून एक चांगली गोष्टही घेण्याजोगी आहे. तेथे वाहन किती ओझे ओढू शकते, हे ठरविण्याचे एक सर्वमान्य मानक आहे. त्यात चढ चढण्याच्या चाचणीबरोबर थांबण्याची व वळणावर स्थिर राहण्याची चाचणीही असते. तसेच ठरावीक वजनापलीकडच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, असा दंडक तेथील अनेक राज्यांत आहे. केवळ ओढता आले म्हणजे क्षमता सिद्ध झाली, असे तेथेही मानले जात नाही.

ब्रेक वाढत नाहीत

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयाचे. पंपाचा स्क्रू फिरविल्याने ओढण्याची शक्ती वाढते. ब्रेकांची शक्ती कणभरही वाढत नाही. याचा अर्थ काय होतो, हे एका हिशोबाने पाहू. शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही तो करता येईल.

ट्रॅक्टरचे वजन दोन टन आणि मागील ट्रॉल्यांचे उसासह वजन सोळा टन धरू. एकूण अठरा टन. साध्या, दोन चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनापैकी सुमारे १,४०० किलो भार येतो असे समजू. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. म्हणजे अठरा टन थांबविण्याची सारी जबाबदारी या १,४०० किलोंच्या पकडीवर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी चाकाची पकड भाराच्या सहादशांश धरली, तर रोखण्याचे बल ८४० किलो होते. चाकांच्या फिरण्याला रस्त्याचा जो स्वाभाविक विरोध असतो, तो आणखी २७० किलोंच्या आसपास हातभार लावतो.

सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा रिकामा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यावर चार मीटरच्या आत थांबतो. तोच ट्रॅक्टर अठरा टनांसह सुमारे २५ मीटर जातो. वेग ताशी ३० किलोमीटर केला की हे अंतर सुमारे ५७ मीटर होते. वेग दीडपट झाला, पण अंतर सव्वादोन पटींनी वाढले. कारण धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद लागतो, त्यात आणखी आठ मीटर निघून जातात. शाळा सुटण्याच्या वेळी गावातील वळणावर पासष्ट मीटर म्हणजे काय, हे येथे बसलेल्या शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

आता उतार घेऊ. डोंगरी भागातील रस्त्यांची आखणी करताना दर शंभर मीटरला पाच मीटरच्या आसपास उतार ठेवण्याचा संकेत आहे. अपवादात्मक ठिकाणी तो सात मीटरपर्यंत जातो. पाच मीटरच्या उतारावर अठरा टनांना खाली खेचणारे बल ९०० किलो असते. रस्त्याच्या विरोधाचे २७० किलो वजा केले तर ६३० किलो उरतात. ब्रेकांची पकड आहे ८४० किलोंची. म्हणजे अठरा टन थांबविण्यासाठी शिल्लक राहिले अवघे २१० किलो! ताशी २० किलोमीटर वेग असला तरी गाडी थांबेपर्यंत सुमारे १३५ मीटर जाते. आता पावसाची एक सर येऊन गेली, रस्त्यावर चिखल किंवा उसाचा पाला पडला आणि पकड सहादशांशावरून चारदशांशावर आली, असे समजा. रोखण्याचे बल ५६० किलो होते आणि खेचणारे बल ६३० किलो राहते. ब्रेक पूर्ण दाबलेले आहेत, चाके घसरत आहेत, आणि वेग वाढतच आहे! अशा वेळी चालकाला दोष देऊन उपयोग नाही. अपघात ट्रॉली भरली त्याच वेळी ठरून गेलेला असतो. सात मीटरच्या उतारावर तर कोरड्या रस्त्यावरही हा हिशोब जमत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओझे ओढून चढताना ट्रॅक्टरचा भार मागच्या चाकांवर सरकतो, त्यामुळे तेथील पकड वाढते. उतारावर ब्रेक लावताना मागून ट्रॉलीचा रेटा येतो, भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि ज्या मागच्या चाकांना ब्रेक आहेत त्यांचीच पकड घटते. म्हणून जे ओझे चढविता आले ते उतरविता येईलच, असे मुळीच नाही. पंप वाढवून चढ सोपा करून घेणारा चालक हे उतरविता न येणारे ओझे माथ्यावर नेऊन ठेवतो, आणि पलीकडचा उतार त्याची वाट पाहत असतो.

उतारावरील वर्तन

यास्तव उताराचे नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत. जो गिअर टाकून तो चढ चढला असता, त्याच गिअरवर उतार उतरावा. उतार सुरू होण्यापूर्वीच, माथ्यावर, हा गिअर टाकावा. मध्यावर गिअर बदलू जाता तो सुटला तर पुन्हा पडण्याची शाश्वती नसते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे किंवा क्लच दाबून ठेवणे हा आत्मघात आहे. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकांवर पडतो.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. शेतात वळण घेण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर येताना हे दोन्ही पेडल खिटीने जोडून घेतलेच पाहिजेत. ही खिटी न लावल्यामुळे घाईत एकाच पेडलवर पाय पडतो, एकच चाक रोखले जाते, ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा करते. चाकूचे पाते मुठीत मिटावे तशी ही घडी होते, आणि चालक तिच्यात सापडतो.

पिकअप वाहनाच्या बाबतीत ब्रेक तापण्याचा धोका अधिक. वाहन आणि ट्रेलर मिळून साडेचार टन वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आले, तर त्यात जी ऊर्जा मोकळी होते तिने सुमारे ७० लिटर पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. यातील काही भाग हवेच्या व रस्त्याच्या विरोधात जातो, काही इंजिन रोखते. उरलेली सारी उष्णता ब्रेकांत साठते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकते, पण ब्रेक लागत नाही. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हे तेल मुदतीत बदलण्यास विशेष महत्त्व आहे. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नये. खालच्या गिअरवर गाडी ठेवून, लागेल तेव्हा जोराने व थोडा वेळ ब्रेक दाबावा आणि सोडावा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत.

जोडणी आणि भरणी

ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांतील दुवा म्हणजे जोडणीची पिन. या पिनेच्या जागी एखादी सळई किंवा सापडेल तो बोल्ट घातलेला अनेकदा दिसतो. पिन योग्य जाडीची असावी, तिला खालून अडकविण्याची खिटी असावी, आणि पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून वेगळी साखळी बांधलेली असावी.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याची जागा मागच्या आसाच्या खाली, निर्मात्याने दिलेल्या पट्टीवरच असावी. ओढण्यास सोपे जाते म्हणून काही जण ती वर घेतात. जोडणी आसापेक्षा वर गेली आणि चढावर वाढवलेल्या इंजिनाने एकदम झटका दिला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे घडते. चालकाला उडी मारण्याचीही सवड मिळत नाही.

एका आसाच्या ट्रेलरमध्ये माल भरताना वजनाचा थोडा भाग, साधारणपणे एकूण वजनाच्या दहावा हिस्सा, जोडणीवर येईल अशी भरणी करावी. माल मागे भरला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. अशा वेळी वेग वाढवून तो सरळ होईल ही समजूत चुकीची आहे. स्टिअरिंग सरळ व घट्ट धरावे, वेगाच्या पेडलवरून पाय काढावा आणि गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्यावा.

बंद पडलेली गाडी दोराने बांधून ओढण्याची पद्धत तर सर्वत्र आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारी मदत थांबते, पेडल जड होते, आणि मागच्या गाडीचा चालक ऐन वेळी असहाय होतो. शक्य तेथे लोखंडी दांड्याची जोडणी वापरावी, आणि उतारावर दोराने गाडी ओढूच नये.

याशिवाय ट्रॉलीच्या टायरांची हवा, चाकांचे बेअरिंग, मागील दिवे व परावर्तक पट्ट्या यांची रोज पाहणी व्हावी. थांबल्यावर चाकाच्या हबला हात लावून पाहण्याची सवय चांगली आहे. एकच हब इतरांपेक्षा अधिक तापला असेल तर तेथे बिघाड आहे. रात्री रस्त्याच्या कडेला अंधारात उभी केलेली ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळणारा दुचाकीस्वार, ही बातमी दर हंगामात वाचावी लागते. ट्रॉली उभी करताना लावलेले दगड निघताना रस्त्यातच टाकून जाणे, हाही तितकाच गंभीर अपराध आहे. लाकडी उटी सोबत ठेवली तर दगडांची गरजच पडणार नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये, निर्मात्याने नमूद केलेल्या व नोंदणी पुस्तकात दर्शविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा अधिकारही आहे. अपघातानंतर वाहनात बदल केल्याचे आढळले, तर विम्याच्या दाव्यावर आक्षेप येऊ शकतो. खेपेमागे मिळविलेला लाभ अशा एका प्रसंगात धुऊन जातो.

प्रत्येकाचे काम

तथापि केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. ट्रॉली भरणारा, भाडे ठरविणारा आणि माल स्वीकारणारा, या तिघांचाही त्यात वाटा आहे. ज्या वजनकाट्यावर उसाचे वजन होते, त्याच काट्यावर ट्रॉली मर्यादेबाहेर भरल्याचेही दिसते. तेथेच तिची नोंद होऊन समज दिली गेली, तर रस्त्यावर तपासणी करणाऱ्यांचे निम्मे काम होईल. वाहतुकीचे दर ठरविताना सुरक्षित भाराची खेप परवडेल, असा विचार झाला पाहिजे. नवी ट्रॉली घेणाऱ्याने ब्रेक असलेल्या ट्रॉलीचा आग्रह धरावा. आरंभी थोडा खर्च अधिक होईल, पण वर मांडलेला सारा हिशोब तिच्यामुळे पालटतो. कारण अशा ट्रॉलीत मालाचे वजनच मालाला रोखण्याच्या कामी येते.

पंचायतींना गावाजवळील तीव्र उतार, शाळेजवळची वळणे आणि अरुंद पूल यांची यादी करून ठळक फलक लावण्यासाठी पाठपुरावा करता येईल. गावातील डिझेल पंप दुरुस्त करणारे कारागीर हे गावाचेच नागरिक आहेत. त्यांना एकत्र बोलावून सील न तोडण्याविषयी समजावणे पंचायतीला सहज शक्य आहे. पोलिसांच्या नोटिशीपेक्षा गावाच्या शब्दाला तेथे अधिक वजन असते.

शिक्षकांकडून दोन अपेक्षा आहेत. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणे, मागे लोंबकळणे, दोन ट्रॉल्यांच्या मधील दांड्यावर बसणे, हे खेळ मुले पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत. पूर्वी बैलगाडीतील ऊस ओढला जाई, तेव्हा पडले तर गुडघा फुटत असे. आता मागच्या ट्रॉलीचे चाक अंगावरून जाते, आणि पुढे बसलेल्या चालकाला त्याची जाणीवही होत नाही. मुलांना हा फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागेल. दुसरी अपेक्षा अशी की, बल, घर्षण आणि ऊर्जा यांचे धडे शिकविताना वरील अठरा टनांचे उदाहरण फळ्यावर मांडावे. पुस्तकातील उतरणीवरून घसरणारा ठोकळा मुले परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. आपल्या वडिलांच्या ट्रॅक्टरचा हिशोब मात्र ती घरी जाऊन सांगतील, आणि घरातील मुलाने दाखविलेला आकडा कोणत्याही अधिकाऱ्याच्या सूचनेपेक्षा अधिक काळजीपूर्वक ऐकला जाईल.

शेतकऱ्याने वर्षभर राबून पिकविलेला ऊस कारखान्यापर्यंत पोचला पाहिजे, बांधकामाचे सामान वेळेवर गेले पाहिजे, होडी समुद्रापर्यंत पोचली पाहिजे, याविषयी दुमत नाही. वाहन त्यासाठीच आहे. परंतु प्रत्येक खेपेच्या अखेरीस माल पोचण्याबरोबरच चालकही आपल्या घरी पोचला पाहिजे. ट्रॉली भरताना 'हे ओढेल काय?' असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. यापुढे प्रत्येक मालकाने, चालकाने आणि मुकादमाने त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा: 'हे थांबेल काय?' त्याचे उत्तर होकारार्थी असेल तेवढेच ओझे भरावे. एवढा एक संकल्प या सभेतून घेऊन सर्वांनी घरी जावे, अशी विनंती आहे.

जय हिंद!